मांजराला ओलं खाणं द्यावं की कोरडं? सोलापुरातल्या मांजरपाळकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे ४ किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या निरोगी मांजराचे आहेत. पिल्लं, गाभण भाटी, म्हातारी आणि आजारी मांजरं यांचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत. 'ओलं' म्हणजे पाऊच किंवा डब्यातलं वेट फूड, 'कोरडं' म्हणजे दाणे.

एका वाक्यात सांगा, काय द्यायचं?

दोन्ही द्या, पण दिवसाला निदान एक पाऊच ओलं हवंच, आणि मार्च ते जून दोन. बोक्याला लघवीचा त्रास एकदा जरी झाला असेल तर शक्य तितकं सगळं खाणं ओलं करा. पाऊच परवडत नसेल तर चांगल्या प्रतीचे दाणे मोजून द्या आणि पाणी पोटात जाईल याची वेगळी काळजी घ्या. नुसत्या दाण्यांवरही मांजर नीट जगतं. दिवसभर भरलेली वाटी आणि कमी पाणी या दोन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो.

ओल्या खाण्यात असं वेगळं काय असतं?

पाणी. पाऊचमध्ये ७५ ते ८३ टक्के पाणी असतं, दाण्यांत ६ ते १० टक्के. एवढ्या एका फरकातून बाकीचे बहुतेक फरक निघतात.

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातलं रानमांजर. त्याला पाणी मिळायचं ते मुख्यतः शिकारीतून, कारण उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असतं. त्यामुळे मांजराला तहान उशिरा लागते आणि त्याचं मूत्रपिंड लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवतं. कुत्रा दाणे खाल्ल्यावर जसा भांड्याकडे धावतो तसं मांजर करत नाही. ते पाणी पितं, ओल्यावरच्या मांजरापेक्षा जास्तच पितं, पण उरलेली तूट सहसा पूर्ण भरून काढत नाही.

आता हिशोब पाहा. ४ किलोच्या मांजराला अन्न आणि पिणं मिळून दिवसाला साधारण २०० ते २४० मिली पाणी लागतं. नुसते दाणे ६२ ग्रॅम खाल्ले तर त्यातून जेमतेम ५-६ मिली मिळतं. एक पाऊच आणि ४५ ग्रॅम दाणे दिले तर सुमारे ७५ मिली. सगळं ओलं, म्हणजे साडेतीन पाऊच दिले तर जवळपास २४० मिली, म्हणजे मांजराने भांड्याकडे पाहिलंही नाही तरी चालतं.

सोलापूरच्या उन्हाने खरंच फरक पडतो का? मांजर तर दिवसभर घरातच असतं.

पडतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारची हवा कोरडी असते. पत्र्याच्या घरात किंवा गच्चीखालच्या खोलीत आतलं तापमानही फारसं कमी नसतं. मांजर घामाने थोडंच थंड होतं, तेही फक्त पंजांच्या तळव्यांना. ते अंग चाटून थुंकीच्या ओलाव्याने स्वतःला गार करतं, आणि ते पाणीही शरीरातूनच जातं. त्यात उन्हाळ्यात भूक मंदावते. भूक मंदावलेलं मांजर दाणे हुंगून सोडून देतं, पाण्यालाही उठत नाही, आणि लघवी आणखी घट्ट होते.

म्हणून उन्हाळ्यात जेवणाच्या वेळाच बदला: पहिलं जेवण पहाटे सहा-साडेसहाला, दुसरं रात्री नऊनंतर. ओलं याच दोन वेळांना द्या. प्रत्येक पाऊचमध्ये दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली साधं पाणी घालून कालवा. बहुतेक मांजरं एवढं पातळ सहज खातात.

आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, बाकी वेळ बोअरचं. जड पाण्याने मुतखडा होतो का?

मांजराच्या बाबतीत पाण्याच्या जडपणापेक्षा ते किती पोटात जातं हे कितीतरी महत्त्वाचं आहे. तुम्ही जे पिता तेच मांजराला द्या. खरी अडचण दुसरी असते: बॅरलमध्ये साठवलेल्या शिळ्या पाण्याला किंवा क्लोरीनच्या वासाला मांजर तोंड लावत नाही. पाणी उघड्या भांड्यात काही तास ठेवलं की क्लोरीनचा वास कमी होतो.

भांडं रुंद आणि उथळ असावं, स्टीलचं किंवा चिनी मातीचं. प्लास्टिकच्या चरांत बुळबुळीत थर बसतो. तो घासून निघत नसेल तर भांडं टाकून द्या. माठातलं पाणी मांजरांना आवडतं, पण मातीचंच भांडं ठेवलं तर ते रोज घासून उन्हात वाळवावं लागतं. घरात तीन ठिकाणी पाणी ठेवा, लिटरच्या (मांजराच्या शौचासाठीच्या वाळूच्या) ट्रेपासून लांब, आणि खाण्याच्या वाटीला चिकटून नको. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदला.

बोक्याला लघवी तुंबण्याचा धोका जास्त असतो म्हणतात. कोरड्या खाण्यामुळेच होतं का?

एकट्या कोरड्या खाण्यामुळे नाही. जाडपणा, कमी हालचाल, ताण आणि घट्ट लघवी हे सगळं एकत्र येतं. पण घट्ट लघवी हा त्यातला तुमच्या हातात असलेला भाग आहे, म्हणून त्यावर एवढा भर.

बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाशी फार अरुंद. स्ट्रुव्हाइट या क्षाराचे वाळूसारखे कण, चिकट स्राव किंवा नुसती सूज आणि स्नायू आखडणं एवढ्यानेही तो बंद होतो. तो बंद झाला की २४ ते ४८ तासांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. ही मांजराच्या आयुष्यातली सर्वांत तातडीची वेळ आहे, तिथे सकाळची वाट पाहू नका.

ओळखायचं कसं? बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो, आणि ट्रेमध्ये काही पडत नाही किंवा दोन-चार लाल थेंब पडतात. पुढे उलट्या, सुस्ती, खाणं बंद. घरचे लोक इथे हमखास बद्धकोष्ठ समजून तूप किंवा एरंडेल देतात आणि मोलाचे तास जातात. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं. माणसाची वेदनाशामक गोळी अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

तुंबलेली लघवी काढायला रात्री-अपरात्री मांजराला नळी घालणारे डॉक्टर सोलापुरात तुमच्या भागाच्या जवळ कोण आहेत, हे आजच विचारून फोनमध्ये नंबर ठेवा. विजापूर रोडला राहणाऱ्याने मध्यरात्री अक्कलकोट रोडपर्यंत दवाखाना शोधत फिरण्यात अर्थ नाही.

लिटरमध्ये लघवीने बनलेल्या ओल्या गोळ्यांवर रोज नजर ठेवायची सवय लावा. दिवसाला दोन ते चार गोळ्या साधारण ठीक. ओल्या खाण्यावर आणल्यावर गोळ्या मोठ्या आणि जास्त व्हायला लागतात, आणि तेच हवं आहे. ताणाचं म्हणाल तर गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम आणि दिवाळी हे दोन काळ जपायचे. होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी त्या आठवड्यात नवं खाणं सुरू करू नये, ओळखीच्याच ओल्याचं प्रमाण वाढवावं आणि मांजराला आतल्या खोलीत लपायला एखादं खोकं द्यावं.

रोज नक्की किती द्यायचं?

वाटीने किंवा मुठीने मोजू नका. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. मुठीच्या अंदाजात रोज १० ग्रॅम दाणे जास्त जाणं अगदी सोपं आहे, आणि १० ग्रॅम दाणे म्हणजे ३५-४० किलोकॅलरी, म्हणजे मांजराच्या दिवसभराच्या गरजेचा सहावा हिस्सा.

४ किलोच्या नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी पुरतात. दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० ते ४०० असतात, ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बहुधा ६० ते ८०. नेमका आकडा पाकिटावर पाहा, कारण कंपनीगणिक फरक मोठा असतो. मग गणित असं:

फक्त दाणे: सुमारे ६२ ग्रॅम.
एक पाऊच आणि दाणे: पाऊच अधिक ४५ ग्रॅम.
दोन पाऊच आणि दाणे: दोन्ही पाऊच अधिक २७ ग्रॅम.
फक्त पाऊच: साडेतीन.

हे सुरुवातीचे आकडे आहेत, अंतिम नाहीत. दर १५ दिवसांनी मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. फासळ्या हलक्या हाताने जाणवल्या पाहिजेत, दिसता कामा नयेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसावी. मांजर जाड असेल तर खाणं थेट अर्धं करू नका. दहा टक्क्यांनी कमी करा आणि दोन आठवडे थांबा. वजन आठवड्याला एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त वेगाने उतरायला नको.

पाऊच महाग पडतात. महिन्याचा खर्च किती धरायचा?

किंमत किलोवर पाहू नका, १०० किलोकॅलरीला किती रुपये पडतात ते पाहा. समजा ८५ ग्रॅमचं पाऊच ४५ रुपयांना आणि त्यात ६५ किलोकॅलरी, तर १०० किलोकॅलरी ६९ रुपयांना पडल्या. समजा दाण्यांची १.२ किलोची पिशवी ४८० रुपयांना आणि किलोला ३,७०० किलोकॅलरी, तर १०० किलोकॅलरी ११ रुपयांना. या भावाने नुसत्या दाण्यांवर महिना ७५० रुपयांच्या आत, एक पाऊच आणि दाणे मिळून सुमारे १,९००, आणि सगळं ओलं ४,८०० च्या आसपास. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच हिशोब करा.

खर्चाची ओढाताण असेल तर आमचं मत स्पष्ट आहे. वर्षभर रोज अर्धं पाऊच देण्यापेक्षा उन्हाळ्याच्या चार महिन्यांत रोज पूर्ण पाऊच द्या. आणि घरात बोका व भाटी दोघं असतील तर ओल्याचा पहिला हक्क बोक्याचा.

पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

समोरचं चित्र सोडा, पाकीट उलटं करा. पहिलं शोधायचं ते 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट फूड' हे शब्द, आणि ते कोणत्या वयासाठी आहेत ते. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं पाऊच जेवण म्हणून चालत नाही. चाटायच्या क्रीमच्या कांड्या आणि नुसत्या ट्यूनाचे तुकडे बहुधा याच गटात येतात. तीच पाऊच महिनोन् महिने रोजचं जेवण म्हणून दिली तर मांजर हळूहळू कुपोषित होतं, आणि वरून गुबगुबीत दिसत असल्याने ते कळतही नाही.

दुसरं, ओल्या आणि कोरड्यातल्या प्रथिनांचे आकडे सरळ ताडून पाहू नका. पाऊचवर ९ टक्के प्रथिनं आणि दाण्यांवर ३१ टक्के दिसतात, म्हणून दाणे सरस वाटतात. पण पाणी वजा करा. पाऊचमध्ये पाणी ८३ टक्के, म्हणजे कोरडा भाग १७. ९ भागिले १७, म्हणजे ५३ टक्के प्रथिनं. दाण्यांत पाणी १०, कोरडा भाग ९०. ३१ भागिले ९०, म्हणजे ३४ टक्के. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या मानकाप्रमाणे पाणी वजा करून मोठ्या मांजराला निदान २६ टक्के आणि वाढत्या पिल्लाला ३० टक्के प्रथिनं हवीत. दोन्ही खाणी त्यात बसली, पण कोण पुढे ते उलटं निघालं.

तिसरं पिष्ट. ते सहसा छापत नाहीत. १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. राख लिहिलेली नसेल तर दाण्यांत ८ आणि पाऊचमध्ये २ धरा. वरच्याच दाण्यांत चरबी १० आणि तंतू ४ असतील तर पिष्ट ३७ टक्के उरतं. 'ग्रेन फ्री' लिहिलं म्हणजे पिष्ट कमी असं नव्हे, धान्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा असतो इतकंच.

आणि टॉरिन. हे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू पसरून दुबळा होतो. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी दाखवला, आणि त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं.

दाण्यांनी दात साफ होतात ना?

नेहमीच्या दाण्यांनी फारसे नाही. मांजर दाणा चावतं तेव्हा तो टोकालाच फुटतो, हिरडीजवळच्या किटणापर्यंत पोहोचत नाही, आणि बरेच दाणे तर अख्खेच गिळले जातात. दातांसाठी खास बनवलेले मोठे, तंतूमय दाणे वेगळे. त्यांचा काही उपयोग होतो. दातांसाठी ब्रश आणि मांजराची टूथपेस्ट. माणसाची पेस्ट नको.

वाटी दिवसभर भरलेली ठेवली तर काय बिघडतं?

मांजर येता-जाता खातं, किती खाल्लं ते कळत नाही, वजन वाढतं. त्याहून वाईट म्हणजे खाणं थांबलेलं दोन दिवस लक्षातच येत नाही, आणि घरात दोन मांजरं असतील तर मुळीच नाही. मांजराने, त्यातही जाड मांजराने, दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठून कावीळ होते आणि ते जिवावर बेतू शकतं. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

उघडलेलं पाऊच किती वेळ चालतं?

वाटीत वाढलेलं ओलं उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात फार तर दोन तास. उरलेलं टाका, परत फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण त्यात मांजराची थुंकी मिसळलेली असते.

अर्धं पाऊच ठेवायचं असेल तर वाढण्याआधीच काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात काढा आणि २४ तासांत संपवा. वीज जाऊन फ्रिज चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर ते टाका. वाढताना डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. फ्रिजमधलं थंडगार खाणं मांजर नाकारतं ते नखरे म्हणून नाही. थंडपणात वास सुटत नाही, आणि मांजर खाणं वासाने ठरवतं. अंगाएवढं कोमट, बोट लावून गरम वाटणार नाही इतपत.

दाणे कसे साठवायचे? सुटे दाणे स्वस्त मिळतात, ते घेतले तर?

सुटे घेऊ नका. पोतं कधी फोडलं, मुदत काय, तुकडी कोणती, काहीच कळत नाही. दाण्यांवर फवारलेली चरबी हवेत आणि उष्णतेत खवट होते, आणि सोलापूरच्या दुकानात मे महिन्यात पोतं उघडं असेल तर ते काम लवकर होतं. वासावरून ओळखा: जुन्या तेलाचा किंवा रंगासारखा वास आला तर मांजराला देऊ नका.

पिशवी डब्यात रिकामी करू नका, पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुदत आणि तुकडी हाताशी राहते आणि जुनी चरबी डब्याला चिकटून नव्या दाण्यांना लागत नाही. डबा खालच्या कपाटात ठेवा, माळ्यावर, गॅलरीत किंवा पत्र्याखाली नको. उघडल्यापासून चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्या. एका मांजराला १.२ किलो किंवा दोन किलोची पुरे. सात किलोची पिशवी स्वस्त दिसते, पण एका मांजराकडे ती चार महिने चालते आणि शेवटचे दोन महिने मांजर शिळं खातं.

मुंग्यांचं काय करायचं?

वाटी पाण्याच्या परातीत ठेवा, परात वाटीपेक्षा दोन इंच रुंद. पाण्यात काही मिसळू नका. मुंग्यांचा खडू किंवा फवारा वाटीच्या आसपासही नको. मांजर पंजे चाटतं.

आमचं मांजर फक्त दाणेच खातं, ओल्याला नाक मुरडतं.

लहानपणी ज्याला एकच प्रकार मिळाला ते मोठेपणी दुसऱ्याला अन्न मानतच नाही. सवय बदलते, पण तीन आठवडे ते दोन महिने धरून चाला. घाई केली की मांजर उपाशी राहतं आणि घरचे हार मानतात.

आधी भरलेली वाटी उचला. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी मोजलेले दाणे द्या, अर्ध्या तासाने वाटी काढून घ्या. आठवडाभर एवढंच. वेळेवर भूक लागू लागल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. मग दाण्यांच्या शेजारी वेगळ्या सपाट ताटलीत एक छोटा चमचा कोमट ओलं ठेवा. खाल्लं नाही तरी रोज ठेवा, वास ओळखीचा होऊ द्या. त्यानंतर मूठभर दाणे मिक्सरमध्ये भरड करून त्या ओल्यावर भुरभुरवा. चाटायला लागलं की दाण्यांचा भाग दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा कमी करत जा. कुठेही अडलं तर एक पायरी मागे या.

ग्रेव्ही, जेली आणि मऊ लगदा असे तीन प्रकार येतात. तिन्ही करून पाहा, एका प्रकाराला नकार म्हणजे ओल्याला नकार नव्हे. नुसती ग्रेव्ही चाटून तुकडे सोडणाऱ्यासाठी तुकडे काट्याने कुस्करा. आणि आजारपणात नवं खाणं सुरू करू नका. मांजर मळमळीची सांगड त्या वासाशी घालतं आणि पुढे कायमचं टाळतं.

एरवी निरोगी, काहीही खाणाऱ्या मांजराला ७ ते १० दिवस पुरतात: पहिले तीन दिवस चतुर्थांश नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग सगळं. शौच पातळ झाली तर त्याच पायरीवर दोन दिवस थांबा.

दूध-भाकरी, उकडलेलं चिकन, मासे यांवर मांजर पिढ्यान् पिढ्या जगत आलंय. मग पाकिटं कशाला?

त्या मांजरांचं पोट दूध-भाकरीने नाही, उंदरांनी भरायचं. आजच्या जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत.

दूध: बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. भाकरी: पिष्टाने पोट भरतं, मांसाला जागा उरत नाही. शेंगाचटणी लागलेला तुकडा तर नकोच, लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. कांदाही तसाच, शिजवला तरी. म्हणून रश्शातलं चिकन धुऊनही देऊ नका.

बिनहाडाचं उकडलेलं चिकन रोजचं जेवण म्हणून सर्वांत फसवं आहे, कारण ते पौष्टिक दिसतं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी. ही तूट शरीर हाडांतून भरून काढतं. तीन-चार महिन्यांचं पिल्लू नुसत्या चिकनवर वाढलं की पलंगावरून उडी मारतानाही पाय मोडू शकतो. वरखाऊ म्हणून मात्र चालेल: बिनमीठ, बिनमसाला, दिवसाला १५ ग्रॅम. चिकन उकडलेलं पाणी दाण्यांवर किंवा पाऊचमध्ये घाला, ते फार कामाचं आहे. कोंबडीची काळीज-कलेजी आठवड्यातून एकदा, अंगठ्याएवढी. रोज दिली तर अ जीवनसत्त्व अति होऊन मणके जखडतात.

उजनीची चिलापी किंवा रोहू आणलात तर शिजवून, प्रत्येक काटा काढून, थोडासा. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि त्यामुळे मांजराला झटके येऊ शकतात. शिजवल्यावर तो निकामी होतो. सुकट-बोंबील मिठामुळे नको.

आम्ही शाकाहारी आहोत. मांजराला शाकाहारावर ठेवता येईल का?

नाही. टॉरिन, तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व आणि अॅराकिडोनिक आम्ल (चरबीतलं एक आवश्यक आम्ल) मांजराला निसर्गतः मांसातूनच मिळतं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणं त्याच्या शरीराला जमत नाही. पण घरात मांस शिजवावं लागत नाही, पाकिटातलं 'कम्प्लीट' खाणं पूर्ण असतं. मांजराची भांडी, चमचा आणि घासणी वेगळी ठेवा. फ्रिजमध्ये पाऊच ठेवायचं नसेल तर ७०-८५ ग्रॅमचं छोटं पाऊच एका वेळी संपवा किंवा दाण्यांवरच ठेवून त्यात पाणी घाला. भिजवलेले दाणेही ओल्याइतकेच लवकर आंबतात, अर्ध्या तासाचा नियम तिथेही.

कुत्र्याचे दाणे चालतील का?

एखाद्या दिवशी तोंड मारलं तर काही होत नाही. रोज नाही. त्यात मांजराला पुरेल इतकी प्रथिनं आणि टॉरिन नसतं.

पिल्लाला आणि गाभण भाटीला काय?

दोघांनाही 'किटन' लिहिलेलं खाणं, ओलं आणि कोरडं दोन्ही. पिल्लू चार आठवड्यांचं झालं की किटनचं ओलं कोमट पाण्यात पातळ करून चाटवायला सुरुवात करा, आठव्या आठवड्यापर्यंत भिजवलेले दाणेही खायला शिकेल. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. याच काळात दोन्ही प्रकारांची आणि दोन-तीन चवींची सवय लावा. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते. तेव्हाच वजनकाटा काढा.

मांजर दहा वर्षांचं आहे. किडनी, मधुमेह असेल तर?

सात वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या. किडनीच्या आजारात ओलं जवळजवळ नेहमीच बरं, कारण पाणी टिकवण्याची ताकदच गेलेली असते. पण किडनीचं खास खाणं डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा, त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस मुद्दाम कमी केलेले असतात.

मधुमेहात एक मोठा धोका लक्षात ठेवा. इन्सुलिन चालू असलेल्या मांजराला दाण्यांवरून एकदम कमी पिष्टाच्या ओल्यावर नेलं तर साखर झपाट्याने उतरते, आणि जुनाच डोस दिला तर मांजर बेशुद्ध पडू शकतं. खाणं बदलण्याआधी डोस ठरवून घ्या.

मुतखड्याचंही तसंच. स्ट्रुव्हाइटचा खडा खास खाण्याने काही आठवड्यांत विरघळू शकतो, ऑक्झलेट या दुसऱ्या क्षाराचा विरघळत नाही. कोणता आहे हे कळल्याशिवाय 'युरिनरी' पिशवी मनाने आणू नका.

दाणे खाल्ल्यावर लगेच अख्खे दाणे उलटून पडतात.

बहुधा घाईने खाणं. ताटलीत पसरून द्या किंवा एका वेळचे दोन भाग करा. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त झालं, किंवा वजन उतरत असेल, तर दाखवा.

दोन दिवस पंढरपूरला किंवा गावी जायचंय. दाण्यांची मोठी वाटी भरून गेलं तर चालेल?

एका रात्रीसाठी, निरोगी मोठ्या मांजराला, मोजलेले दाणे आणि चार ठिकाणी पाणी ठेवून चालेल. ओलं ठेवून जाऊ नका. दोन रात्री असतील तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि दिवसातून दोनदा यायला सांगा. त्यांच्यासाठी प्रत्येक वेळचे दाणे वेगळ्या पुडीत बांधून वर वार आणि वेळ लिहा, म्हणजे प्रेमापोटी जास्त जाणार नाही. त्यांना दोन गोष्टी मुद्दाम सांगा: ट्रेमध्ये लघवीच्या गोळ्या दिसल्या का ते पाहायचं, आणि बोका कुंथताना दिसला तर तुम्हाला फोन करण्यात वेळ न घालवता आधी डॉक्टरांकडे न्यायचं. डॉक्टरांचा नंबर आणि मांजर न्यायची टोपली दाराजवळ ठेवून जा.